अंगाला बसलेली बंदूक

हुसेन मिस्त्री बंदुकीचं काम करायचे आणि बंदुकीला घाबरायचे. थोडंथोडकं नव्हे. बंदुकीचा नुसता सांगाडा जरी समोर आला, तरी ते आधी कानांत कापसाचे बोळे कोंबायचे. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, घासताना कापूस, तेल चोळताना कापूस, फडक्यात गुंडाळून ठेवताना कापूस. त्यामुळे त्यांना काही ऐकू यायचं नाही आणि ते आमच्याशी ओरडून बोलायचे. कुवेतच्या बनेद अल-गार वस्तीतल्या आमच्या खोलीत आवाजाला सर्वांत जास्त भिणारा माणूस सर्वांत मोठा आवाज करायचा.

ही गोष्ट कुवेतच्या बाजारात आपलाच रुपया चालत होता त्या काळातली. मी एका अरब व्यापाऱ्याच्या दुकानात कारकून होतो. त्याला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. मिस्त्री जयगडच्या खाडीकडचे, गलबतं बांधणाऱ्या घरातले. अरबाबच्या गलबतांची डागडुजी करायला आले आणि राहिले. मला अरबी बऱ्यापैकी यायचं, त्यांना कामापुरतं. म्हणून अरबाब काय म्हणतो ते त्यांना सांगणं आणि ते काय म्हणतात ते अरबाबला सांगणं, हे माझ्या नोकरीतच धरलेलं होतं.

मिस्त्रींचं घाबरणं हा खोलीचा करमणुकीचा विषय होता. स्वयंपाक करताना कुणाच्या हातून झाकण पडलं, की मिस्त्री खाटेखाली. एकदा कुणी मुद्दाम कागदी पिशवी फुगवून फोडली, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठून थेट रस्त्यावर गेले. परत आले ते पिशवी फोडणाऱ्याला शिव्या देत नव्हे, तर "कुनाला लागला काय रे?" असं विचारत.

तेल, कोळसा, विंचू, इस्त्रीची वायर, अरबाबची मोटार, सगळ्याची भीती. सर्वांत मोठी भीती अर्थात परत पाठवलं जाण्याची. ती आम्हा सगळ्यांनाच होती. अरबाबने एकदा हात झटकला की माणूस बोटीवर चढलाच म्हणून समजा.

मग अरबाबच्या डोक्यात बंदूक आली. त्याने विलायतेतल्या कारागिराकडून स्वतःच्या पसंतीने एका सेमी-ऑटोमॅटिक रायफलची नळी आणि यंत्र बनवून घेतलं. लाकूड मात्र त्याला मिस्त्रींच्या हातचं हवं होतं. आधी मिस्त्रींनी त्याच्या एकदोन जुन्या बंदुकांचे तडकलेले दस्ते असे सांधले होते, की सांधा कुठे आहे ते सापडू नये. पण मापाने अख्खा दस्ता घडवायचा, हे पहिल्यांदाच.

यंत्र खोलीवर आलं त्या दिवशी मिस्त्रींनी आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. प्रत्येकाने नळीतून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी आहे." आम्ही म्हटलं. त्यांचं समाधान होईना.

"तू नीट नाय बगितलंस, सदा. फिरून बग."

"चाचा, आरपार उजेड दिसतोय!" मी म्हटलं.

"उजेड दिसतो तो ठीक. पन ही जात वेगली हाय. एक उडाली की दुसरी आपल्याआप तयार. हिला कोन सांगनार, बाई, आता बस?"

मग काम सुरू झालं आणि तेच मिस्त्री ओळखू येईनासे झाले. अक्रोडाचा ठोकळा त्यांनी आठवडाभर नुसता इकडून तिकडे फिरवला. रेषा कुठून येतात, दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागाशी, कशा वळतात ते पाहिलं. एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून काजळी काढली. ती लोखंडाला लावायची, लोखंड लाकडाच्या खाचेत दाबायचं, उचलायचं. जिथे काळं उमटेल तिथे लाकूड चढं. तेवढंच, केसाएवढं, खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. महिनाभर आमचे टॉवेल, उशा आणि चपात्यासुद्धा काळ्या होत्या.

"आंगाला बसला पायजे," हे त्यांचं पालुपद. लोखंड लाकडाच्या अंगाला, लाकूड माणसाच्या. अरबाबचं माप त्यांनी सुती दोऱ्याने घेतलं: कोपरापासून बोटापर्यंत, खांद्यापासून गालापर्यंत. भर उन्हाळ्यात, पातळ पांढऱ्या झग्यावर. अरबाबला गुदगुल्या होत होत्या आणि मिस्त्री दोरा सोडायला तयार नव्हते. "याला सांग, माझ्या शिंप्यानेसुद्धा मला इतकं चाचपलं नाही," अरबाब म्हणाला. मी सांगितलं. मिस्त्रींना हसू आलं नाही. त्यांना वाटलं, नोकरी गेली.

दस्ता तयार झाला तेव्हा मीसुद्धा त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. लाकूड कुठे संपतं आणि लोखंड कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नव्हतं. अरबाबने बंदूक खांद्याला लावली, आणि ती जणू तिथेच उगवली होती.

थंडी पडली. अरबाब शिकारीसाठी वाळवंटात तंबू ठोकायला निघाला आणि निघताना नोकरांना जुने फरवे वाटून गेला. फरवा म्हणजे मेंढीच्या कातड्याचा, लोकरीसकट शिवलेला जाडजूड झगा. कोकणच्या माणसाला असल्या कपड्याची सवय नसते. आम्ही कितीही गारठलो तरी सदऱ्यावर सदरा चढवणारे. मिस्त्रींनी फरवा घातला, आम्ही "अस्वल! अस्वल!" म्हणून हसलो, आणि त्यांनीही मजेत कोपऱ्यातला झाडू उचलून बंदुकीसारखा खांद्याला लावला.

झाडूचा दांडा काखेतल्या लोकरीत अडकला.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा अडकला. त्यांचा चेहरा असा उतरला की आमचं हसणं थांबलं.

"सदा," ते ओरडले नाहीत, कुजबुजले. "मी उनाल्यात माप घेतलं. तो शिकार थंडीत करनार. ह्या जाड फरव्यावर दस्ता लांब पडनार. वर आनताना कापडात आडकेल, आनि बोट घोड्यावर असेल. ती एकावर थांबनारी बंदूक नाय रे."

मी म्हटलं, त्याचं तो बघून घेईल. मिस्त्रींनी ऐकलं नाही. छावणीकडे पाण्याची लॉरी जायची, तिच्यात त्यांनी करवत, कानस आणि मला चढवलं. विंचवाला भिणारा माणूस त्या रेताडात पाय पोटाशी घेऊन बसला होता आणि दर धक्क्याला कलमा म्हणत होता. भीती मलाही होती, पण वेगळी. मालकाच्या तोंडावर त्याची लाडकी बंदूक सदोष आहे असं सांगायचं, म्हणजे काय होणार ते मला दिसत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अरबाब फरवा घालून, बंदूक घेऊन जीपकडे निघालाच होता. जीपपाशी त्याचा धाकटा भाऊ उभा होता.

"सांग त्याला," मिस्त्री म्हणाले.

मी सांगितलं. पण जे सांगितलं ते असं: "मिस्त्रीला दस्त्यावर तेलाचा आणखी एक हात मारायचा आहे."

अरबाब हसला. "एवढ्यासाठी इथवर आला? शिकार झाल्यावर मार म्हणावं." आणि तो चालू लागला.

तेव्हा हुसेन मिस्त्री धावले. अरबाबच्या समोर जाऊन त्यांनी भरलेल्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि वाळूकडे दाबली. डोळे घट्ट मिटलेले. नोकर ओरडत आले. मिस्त्रींनी नळी सोडली नाही. एका हाताने त्यांनी अरबाबच्या खांद्यावरची लोकर मुठीत धरून ओढली, स्वतःच्या काखेकडे बोट दाखवलं, पुन्हा लोकर ओढली.

अरबाबने हात वर करून नोकरांना थांबवलं. मग त्याने काडतुसं काढली, नळी आभाळाकडे केली, आणि रिकामी बंदूक झटकन खांद्याला लावली. दस्ता लोकरीत अडकला. नळी वाकडी झाली. ती त्याच्या भावाच्या दिशेने होती, आणि अरबाबचं बोट सवयीने घोड्यावर गेलेलं होतं.

 अरबाबने बंदूक मिस्त्रींच्या हातात दिली.

लॉरीच्या फळीवर त्यांनी इतक्या मेहनतीच्या दस्त्याची दोन बोटं जाडीची चकती कापली. हात कापत होते, करवत मात्र सरळ गेली. नंतर अरबाबने लांब वाळूत एक गोळी झाडली, आणि आवाजासरशी मिस्त्री जागच्या जागी आडवे झाले.

गेली कित्येक वर्षं मी हा किस्सा लोकांना सांगत आलोय. लग्नात, सहलीत, नातवंडांना. झाडू, अस्वल, कलमा, आणि शेवटी धाडकन आडवे झालेले मिस्त्री. तिथे मी थांबायचो आणि लोक पोट धरून हसायचे. माझं भाषांतर मी कधी सांगितलं नाही. मिस्त्री कधीच गेले. आता माझंही वय झालं, तेव्हा उरलेलं सांगून टाकतो.

परतताना लॉरीत त्यांनी करवत फडक्यात गुंडाळली. मग म्हणाले, "तू तेल म्हनालास."

मी कानशीवरचा भुसा झटकू लागलो.

"गलबतवाल्याला तेवढं अरबी येतं, बाबा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुजं आत्ताच लगीन झालंय. तू घाबरनार. मी तुला न्यायलाच नको होता. मना परत पाठवलं तर काय? बायको गेली तेवां मी हितंच होतो. आता खाडीवर माजी वाट बगनारा कोन हाय?"

लग्नानंतर महिनाभरात मी कुवेतला आलो होतो. खोलीत हे कुणाच्या लक्षात होतं असं मला वाटलं नव्हतं. आणि त्यांची बायको वारल्याचं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना बायकोवरून चिडवायचो.

खोलीवर आलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते. काय झालं, काय झालं म्हणून गलका झाला. मिस्त्री फरवा काढता काढता ओरडून म्हणाले, "मी काय करनार? माजी तर बोबडी वललेली. सदा बोलला म्हनून अरबाबला कललं!"

लोकांनी माझी पाठ थोपटली. मिस्त्री माझ्या शेजारी बसले आणि आपल्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

"खा," ते म्हणाले.

मी खाल्ला.