कारवीच्या फुलोऱ्याला मंजुरी

एका जंगलात, बाळांनो, पेन्शन होती. जंगलात पेन्शन कशी, असं विचारू नका. राजा सिंह होता, सिंहाचा खजिना होता, खजिन्याला कचेरी होती, आणि कचेरी म्हटली की पेन्शन आलीच.

त्या कचेरीत त्र्यंबकराव सांबर अठ्ठावीस वर्षं हिशेबतपासनीस होते. मोठी शिंगं, ताठ मान, आणि कुणाच्या बिलात चूक सापडली की चेहऱ्यावर समाधान. एकदा खुद्द सिंहमहाराजांनी शिकारीचा प्रवासभत्ता मागितला. त्र्यंबकरावांनी 'शिकार पळाली, सबब प्रवास निष्फळ' असा शेरा मारून तो परत पाठवला. नियम म्हणजे नियम. महाराजांनीही मुकाट्याने मान डोलावली.

त्यांची बायको वेणूबाई. तिला आयुष्यात फार काही नको होतं. जंगलाच्या वरच्या अंगाला एक पठार होतं आणि त्या पठारावर सात वर्षांतून एकदा कारवी फुलायची. सगळं पठार जांभळं व्हायचं म्हणे. म्हणे, कारण वेणूबाईने ते पाहिलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्र्यंबकराव म्हणाले होते, "आपण दोघं मिळून बघू." पहिल्या फुलोऱ्याला सासूबाईंचा गुडघा धरला. दुसऱ्याला कचेरीत लेखापरीक्षण होतं. तिसऱ्यालाही लेखापरीक्षणच होतं. चौथ्याला थोरल्याची दहावी आली. वेणूबाई दर वेळी म्हणाली, "असू दे, पुढच्या खेपेला."

आता तिचेही गुडघे कुरकुरायला लागले होते. पुढच्या सात वर्षांची हमी सांबरांत कुणी देत नाही. यंदाचा फुलोरा हुकला तर कायमचा हुकला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तिला तो एकटीने बघायचा नव्हता. दोघांनी बघायचा होता.

"अहो," निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "कारवीला कळ्या धरल्यात. फुलली की एक दिवस सकाळी निघू, दुपारपर्यंत पठारावर पोचू."

"चालत?" त्र्यंबकराव म्हणाले. "अगं, निवृत्त झाल्यावर चालत कोण जातं?"

त्याचं असं झालं होतं की, आदल्या दिवशी निरोपसमारंभात त्यांना एक कोल्हा भेटला होता. हा कोल्हा फिरती घरं विकायचा. घराला चाकं, घराला इंजिन, आत पलंग, शेगडी, मोरी. त्याच्याजवळ एक रंगीत कागद होता. कागदावर एक म्हातारं हरीण आणि त्याची हरिणी सूर्यास्ताकडे बघून हसत होती. "साहेब, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जगलात," कोल्हा म्हणाला, "आता थोडं स्वतःसाठी जगा." हे वाक्य ऐकलं की पेन्शनवाला सही करतोच. कोल्ह्याने म्हणूनच ते पाठ केलं होतं.

घर दारात आलं. वेणूबाईने आतबाहेर हिंडून पाहिलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली, "पण तुमची शिंगं कुठे मावायची?"

कोल्ह्याने छपराला दोन भोकं पाडून दिली. भोकांचे पैसे वेगळे घेतले.

आता बाळांनो, तुम्हा-आम्हासारखा कुणी असता तर घरात बसून निघाला असता. त्र्यंबकरावांनी आधी अंदाजपत्रक केलं. त्यात तीन आठवडे गेले. डिझेल, रस्त्याची पट्टी, चाकांतली हवा, आवाराचं भाडं, चारा, निसर्गदर्शन आणि अकस्मात खर्च अशी खाती पाडली. निसर्गदर्शनाला आधी पाचशे रुपये ठेवले होते. पण घराचा हप्ता जरा जास्त निघाला, तेव्हा ते पैसे तिकडे वळवावे लागले. राहिले चाळीस.

"चारा तर आपण रानातलाच खातो," वेणूबाई म्हणाली. "त्याला कसले पैसे?"

"घरी खाल्ला तर तो चारा. गाडीतून उतरून खाल्ला की तो प्रवासातला चारा," त्र्यंबकराव म्हणाले. वेणूबाईला काही कळलं नाही, पण अठ्ठावीस वर्षांच्या संसारात न कळण्याची तिला सवय झाली होती.

पहिली सहल धबधब्याची. तिथे घर उभं करायला घटकेला वीस रुपये पडायचे. त्र्यंबकरावांनी घर उभंच केलं नाही. नुसता वेग कमी केला. "बघून घे," ते म्हणाले. वेणूबाईने मान वळवेपर्यंत धबधबा मागे पडला होता. वहीत मात्र नोंद झाली, 'धबधबा. पाहिला.'

दुसरी सहल तळ्याची. तळ्याकडे तोंड करून उभं राहायची जागा महाग होती. पाठ करून उभं राहायची जागा अर्ध्या किमतीत मिळाली. दोन दिवस ते तळ्याकडे पाठ करून राहिले. खिडकीतून शेजारच्या फिरत्या घराची खिडकी दिसायची. तिच्यात एक रानडुक्कर आणि त्याची बायको आपली वही लिहीत बसलेली असायची.

"पण वारा तर तळ्याचाच येतोय ना," त्र्यंबकराव म्हणाले. हे मात्र खरं होतं. वाऱ्याला कुणी पट्टी लावली नव्हती. तळ्याच्या त्या दोन दिवसांत निसर्गदर्शनाचे चाळीसही संपले.

इतक्यात मधमाश्यांकडून बातमी आली. कारवी फुलली होती. पंधरा दिवसांचा खेळ, त्यातले पाच सरलेही होते. वेणूबाईने त्या दिवशी दुपारचा चारा खाल्ला नाही. "आता चला हो," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं, की त्र्यंबकरावांनी मुकाट्याने इंजिन सुरू केलं.

घर पठाराच्या पायथ्याशी पोचलं आणि तिथेच थांबलं. पुढे पायवाट होती. चढ तासाभराचा. पायथ्याला एका माकडाने फिरती घरं उभी करायला आवार घातलं होतं. दिवसाचं भाडं ठरलेलं, ते अंदाजपत्रकात होतं. पण माकड म्हणालं, "घर सोडून वर जाणार असाल तर राखणीचे वीस रुपये. नाहीतर सामानाची जबाबदारी माझी नाही."

त्र्यंबकरावांनी वही उघडली. "राखणीची तरतूद नाही," ते म्हणाले.

"अकस्मात खर्चात आहेत की पैसे," वेणूबाई म्हणाली.

"आहेत. पण कारवी दर सात वर्षांनी फुलते हे सगळ्या जंगलाला ठाऊक आहे. याला अकस्मात कसं म्हणायचं?"

"मग एका खात्यातले दुसऱ्यात घ्या. हप्त्याच्या वेळी घेतलेत तसे."

"तेव्हा अंदाजपत्रक कच्चं होतं. आता पक्कं झालंय. आता मंजुरी लागेल."

"कुणाची?"

"माझीच. पण प्रस्तावही माझाच आहे. ज्याने मागायचं त्यानेच मंजूर करायचं, ही अफरातफरीची पहिली पायरी असते."

"मी देते मंजुरी," वेणूबाई म्हणाली.

"तू लाभार्थी आहेस."

"मग या माकडदादांना विचारा."

"ते पैसे घेणारे आहेत. त्यांचं मत धरता येत नाही."

माकड हे सगळं ऐकत होतं. त्याने आयुष्यात पुष्कळ प्रवासी पाहिले होते. त्याने एक केळं सोललं आणि ते झाडावर जाऊन बसलं.

शेवटी त्र्यंबकरावांनी कावळ्याबरोबर प्रस्ताव आपल्या जुन्या कचेरीत अभिप्रायासाठी पाठवला. त्यांच्या खुर्चीवर आता एक भेकर बसत होतं. ते त्र्यंबकरावांच्याच हाताखाली शिकलेलं. दुसऱ्या दिवशी कावळा परत आला. प्रस्तावावर शेरा होता, 'फुलं पाहण्यामागचा हेतू स्पष्ट करावा.'

त्र्यंबकरावांचा ऊर भरून आला. "बघ," ते म्हणाले, "कसं तयार केलंय मी त्याला." आणि ते हेतू लिहायला बसले.

वेणूबाई दारात उभी होती. वरून वारा येत होता, वाऱ्याला मधाचा वास होता. पायथ्याच्या झुडपांवरची काही फुलं गळायला लागली होती. तिला एकाएकी फार राग आला. असा राग तिला सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळीही आला नव्हता. मग राग गेला आणि तिला नुसतंच वाईट वाटलं.

"अहो, मी निघते," ती म्हणाली. "येताय का?"

"मी हेतूच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. आजचा दिवस थांब."

ती थांबली नाही. ती त्यांच्यासाठी थांबली नाही, असं आज पहिल्यांदाच घडत होतं. ती हळूहळू पायवाट चढून गेली. गुडघे कुरकुरत होते, पण चालत होते. तासाच्या वाटेला तिला दोन तास लागले.

वर पोचली आणि तिला काही सुचेना. जिकडे नजर जाईल तिकडे जांभळं. उतारावर जांभळं, कड्याच्या टोकापर्यंत जांभळं, आणि सगळीभर माश्यांची गुणगुण. लोक सांगायचे त्यापेक्षा ते किती तरी मोठं होतं. "अहो, बघा की," ती म्हणाली, आणि शेजारी वळली. शेजारी कारवीच होती. वेणूबाई खाली बसली आणि पोटभर रडली. आनंदाचंही रडली आणि दुसरंही. मग डोळे पुसून दिवस कलेपर्यंत तिने सगळं नीट बघून घेतलं.

ती खाली आली तेव्हा त्र्यंबकराव दारातच उभे होते. हातात कागद होता, चेहऱ्यावर समाधान होतं.

"आलं," ते म्हणाले. "दोघांना मंजूर. एकही हरकत नाही."

"मग उद्या जाऊ," वेणूबाई म्हणाली. "मी परत चढेन. अजून आहेत फुलं."

"उद्या कसं? आवाराचं भाडं आजपर्यंतचंच भरलंय."

माकडाने झाडावरून खाली पाहिलं. एका दिवसाचं भाडं तसंच सोडून द्यावं असं त्याला घडीभर वाटलं. पण त्याचाही धंदाच होता.

घर परत निघालं. त्र्यंबकरावांची शिंगं छपराबाहेर, डोळे रस्त्यावर.

"कसं होतं गं?" त्यांनी विचारलं.

वेणूबाईने सांगायला सुरुवात केली. उतार कसा दिसत होता, माश्या कशा होत्या, वारा आला की सगळं पठार कसं एकदम हलायचं. ती सांगत राहिली. त्र्यंबकरावांनी वही उघडली नाही. त्यांनी खरंच ऐकलं. एका वळणावर तर त्यांनी घराचा वेगही कमी केला. वेणूबाईला वाटलं, आता हे काहीतरी म्हणतील. अठ्ठावीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती, ते म्हणतील.

"छानच झालं म्हणायचं," त्र्यंबकराव म्हणाले. "राखणीचे वीसही वाचले. पुढच्या फुलोऱ्यालाही असंच करू. तू बघून ये, मी घराजवळ थांबतो."

तात्पर्य : बाळांनो, फुलं काय, सात वर्षांनी पुन्हा येतात. राखणीत गेलेले वीस रुपये मात्र कधीच परत येत नाहीत. म्हणून शहाण्या नवऱ्याने म्हातारपणी फिरायला जरूर जावं, घराजवळ बसून राहावं, आणि बघायचं काम बायकोवर सोपवावं.