हरण्याचा भरवसा

आमच्या अणदुरात स्वतःच्या पायांना बैलांची नावं ठेवणारा माणूस एकच, आमचे शेजारी भीमाआप्पा. उजवा पाय मुक्या, डावा हरण्या. बाजेवर बसल्या बसल्या डावा पाय ताडकन उडाला, की आप्पा त्याच्यावरच ओरडणार, "हो, हो! हरण्या, माणसं बसल्यात, लाज धर जरा!" नवखा पाहुणा गोठा शोधायला लागतो.

आप्पा चिंचा झोडपायला झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. मणक्याला मार बसला. जीव वाचला, पण पाय ताठले. मनाला येईल तेव्हा आखडायचे, मनाला येईल तेव्हा लाथ झाडायचे. गोळ्या घेतल्या तर पाय सैल पडायच्या आधी आप्पाच झोपायचे. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी पोटाच्या कातडीखाली चपटा पंप बसवला. त्यातून बारीक नळी मणक्यापर्यंत जाते आणि औषध थोडं थोडं उतरत राहतं. दर काही महिन्यांनी सुई टोचून तो भरून घ्यायचा. खंड पडला तर जिवावर बेततं. म्हणून त्या तारखेला लग्न असो की मयत, आप्पा वॉकर घेऊन एसटीत. मी गाडी काढतो म्हटलं तर म्हणतात, "तुझ्या गाडीत हरण्या मोकळा बसत न्हाय." घ्या!

पंपाचा अभिमान तर विचारू नका. आमचा नवा जावई भेटायला गेला, तर चहाच्या आधी सदरा वर करून, "हात लावून बघा."

डॉक्टर पोटावर यंत्र धरून औषधाचं माप बदलतात. आप्पांनी त्यांनाही सोडलं नाही. "साहेब, मुक्या गरीब हाय. वाढवायचं ते हरण्याला वाढवा." दोघांना सारखंच मिळणार, हे डॉक्टरांनी समजावलं आणि माप वाढवलं. मग पाय इतके मऊ पडले की आप्पांना उभंच राहता येईना. थोडा ताठपणा होता म्हणून तर वॉकर धरून उभे राहायचे! पुन्हा सोलापूर. "जरा मस्ती ऱ्हाऊ द्या त्यांच्यात." बऱ्याच खेपा घालून त्यांनी माप जमवूनच घेतलं.

तरी हरण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायला पाच जण ताटाभोवती बसतात. पंप बसायच्या आधी एका साली ऐन "येळकोट"च्या वेळी हरण्यानं लाथ झाडली. ताट, खोबरं, भंडारा, सगळं माझ्या अंगावर. पांढरा सदरा अजून पिवळा आहे. तेव्हापासून आप्पा तळीला लांब बसायचे.

यंदा श्रावणात घरात नात आली. तिलाही ते लांबूनच बघायचे. सुनेनं पुढं केली की खेकसायचे, "पाळण्यात ठिव तिला!" मुलगी झाली म्हणून म्हातारा रुसलाय, असं सुनेनं मनाशी धरलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

दसरा झाला आणि आप्पांची तालीम सुरू झाली. रोज सकाळी बाजेवर बसायचं आणि ज्वारीनं भरलेलं ताट मांडीवर ठेवायचं. हरण्या उडाला की ज्वारी अंगणभर आणि माझ्या कोंबड्यांची चंगळ.

"आवो, त्या तळीपायी दाणं का नासताय?" आप्पांची बायको गंगाकाकू वैतागायच्या.

"सांडू दे. उद्या पुन्यांदा भरू."

आणि खरंच भरायचे. हळूहळू ज्वारी सांडायची थांबली. कोंबड्या निराश झाल्या.

चंपाषष्ठीला आप्पांच्याच अंगणात तळी मांडली. मी मुद्दाम तोच पिवळा सदरा घातला. पाचवी जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.

"तुमी उचला," आप्पा बाजेवरून म्हणाले. "मला दुसरं काम हाय."

असा राग आला! दुसऱ्या कुणाला तरी बसवून आम्ही तळी उचलली. भंडारा लावायला मी आप्पांकडे गेलो, तर मांडीवर गोधडीची घडी ठेवून ते सुनेला म्हणत होते, "आण तिला. आता धरतो म्या."

सून जागची हलेना. "मामा, मला वाटलं..."

"भंडारा सांडला तर झाडून घेता येतो, पोरी. ही सांडली असती तर?"

तिनं नात मांडीवर ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी दोन्ही हातांनी तिला धरलं होतं, पण नजर सगळी डाव्या पायावर.

"गप ऱ्हा, हरण्या," ते हळूच म्हणाले. "नात हाय माझी."

हरण्या गप राहिला.