कोपरा पाण्यात असलेले मैदान

डोमाजी बोलण्यापूर्वी शिट्टी वाजवीत. एक शिट्टी म्हणजे संभाषणास प्रारंभ, दोन म्हणजे समाप्ती, आणि समोरच्याने मध्येच तोंड घातले तर एक लांबलचक शिट्टी, ती दंडाची. आमच्या विकास गटाच्या कचेरीत ही पद्धत प्रथम अवतरली त्या दिवशी साहेबांचा चहा बशीऐवजी विजारीवर सांडला. डोमाजींनी मात्र शांतपणे रामराम घातला आणि म्हटले, "बेटाचा अर्ज आनला जी."

बेट म्हणजे अर्जुनी मोरगावकडील एका जुन्या तलावाच्या मध्यभागी असलेली टेकडी. तलाव भरला की तिच्या चोहीकडे पाणी होई आणि तिच्यावरची आठ-दहा घरे जगापासून सुटी पडत. डोमाजी तिथले धानाचे शेतकरी. शेत काठावर, घर बेटावर. मी कचेरीत कनिष्ठ कारकून होतो. नागपूरला शिकून आलो असलो तरी चारचौघांत बोलायचे म्हटले की मी दुसऱ्याला पुढे करी. म्हणूनच की काय, मोठ्या आवाजाचे सर्व अर्जदार माझ्याच टेबलाकडे धाडले जात.

सरकारने गावोगावच्या खेळांसाठी तेव्हा एक योजना काढली होती. स्वतंत्र वस्तीला कबड्डीचा स्वतंत्र संघ, मैदानासाठी अनुदान, आणि संघास मान्यता मिळाली की आसपासच्या प्रत्येक संघाने त्याच्या मैदानावर येऊन एक सामना खेळायचा. डोमाजींना अक्षरओळख बेताचीच. पण योजनेची कलमे त्यांनी आरतीसारखी पाठ केली होती. कोणत्याही वादात त्यांचे पालुपद एकच : "नियमात हाये जी!" पत्नी पार्बताबाई सांगत की वरणात मीठ अधिक पडले तरी हा मनुष्य आधी शिट्टी फुंकतो, मग पाणी मागतो.

अडचण अशी होती की बेट बारमाही नव्हते. साहेब दौऱ्यावर निघत उन्हाळ्यात. तोवर पाणी ओसरलेले असे आणि जीप थेट डोमाजींच्या अंगणात जाऊन थांबे.

"बेट कुठे आहे?" साहेबांनी विचारले.

"तुमी बेटावरच उभे हा ना जी!"

"मग पाणी कुठे आहे?"

"गेलं जी. येयल."

साहेबांनी शेरा लिहिला : "बेट आढळले नाही." पावसाळ्यात अर्ज केला, तेव्हा शेरा पडला : "पाण्यामुळे पाहणी अशक्य." अशी तीन वर्षे गेली. मध्यंतरी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरऐवजी मुंबईकडे पाहण्याची आम्हांला सवय करावी लागली. आता कागद नव्याने करावे लागतील, हे मी डोमाजींना चाचरत सांगितले.

"कायले?" ते म्हणाले. "आमचं बेट जागच्या जागी हाये बाबू. सरकारच सरकून राहिलं."

शेवटी साहेबांनाच दया आली. "काठावर चांगली सपाट जागा आहे. मैदान तिथे करा, अनुदान आजच मंजूर करतो."

लांबलचक शिट्टी. "सामना बेटावरच होयल. नियमात हाये."

"अहो, बेटावर असे काय ठेवले आहे?"

दोन शिट्ट्या. डोमाजी निघून गेले.

माझ्या नोकरीतील पहिले धाडस मी त्या सुमारास केले. दिवाळीनंतर पाऊस नसतो, परंतु तलाव भरलेला असतो. पाहणी तेव्हा करावी, असे मी साहेबांना सुचविले. साहेबांना पोहता येत नसे, ही गोष्ट मला डोंग्यात बसल्यावर कळली. झाडाचे एकच खोड कोरून केलेली ती होडी. साहेबांनी तिच्या दोन्ही कडा अशा धरल्या होत्या की जणू तीच बुडेल म्हणून तेच तिला सावरीत होते. डोमाजी मागे बांबू रेटीत होते आणि आडव्या येणाऱ्या बदकांना शिट्टी वाजवून बाजूला करीत होते.

बेटावर फीत लावली. मैदानाचे तीन कोपरे जमिनीवर आले. चौथा आला गुडघाभर पाण्यात.

"हे मैदान अपुरे आहे," साहेब म्हणाले.

"अपुरं नाई जी, वल्लं हाये."

"खेळाडू पाण्यात पडेल!"

"पडल. मंग निंगल."

"आणि पाण्यात 'कबड्डी, कबड्डी' कसे म्हणेल तो?"

"तोंड वर ठेवाचं ना जी!"

पार्बताबाईंना दारात राहवले नाही. "देऊन टाका ना मंजुरी, सायेब! तीन वर्सं झाले, हा मानूस मले सकाऊन शिट्टीवर उठवून राहिला!"

सूर्य कलू लागला होता आणि परतीचा डोंगा अजून शिल्लक होता. साहेबांनी घाईने शेरा लिहिला : "मैदान पुरेसे, अंशतः जलमय."

सामन्यांचे वेळापत्रक करणे माझ्याकडे आले. डोमाजी कचेरीत आले, माझ्या टेबलावर वाकले आणि शिट्टीला हातही न लावता हलक्या आवाजात म्हणाले, "बाबू, पयला सामना सडक अर्जुनीकडच्या संघासंग लावता का जी?" मला त्यात वावगे काही दिसले नाही. मी लावला.

सामन्याच्या दिवशी तो संघ दोन डोंग्यांतून आला. त्यांचा कप्तान सहा फुटी, गंभीर चेहऱ्याचा तरुण. उतरताच तो माझ्याजवळ आला. "मी पाव्हना म्हून नाई आलो. सरकारच्या हुकमानं आलो. लिवून घ्या."

मी लिहून घेतले. का ते कळले नाही.

"आमचे जवाई," पार्बताबाई हळूच म्हणाल्या. "चार वर्सं झाले. मंडईच्या जत्रेले बलावलं आन् आमच्या यायनं डोंगा धाडाचा भुलले. जवाई दिवसभर काठावर उभे. तवा बोलले, या बेटावर पाय नाई ठेवीन, का बायकोले ठेवू देईन. यायनं बी हात नाई जोडले. दोघंई ताठ."

मागच्या डोंग्यातून खेळाडूंच्या घरची मंडळी उतरत होती. त्यांच्यात एक तरुण स्त्री होती. तिच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी होती आणि ती या नव्या जागेकडे डोळे मोठे करून पाहत होती. पार्बताबाई बोलणे तिथेच सोडून धावल्या.

सामना सुरू झाला. बेटाच्या संघाचा साफ धुव्वा उडत होता. कप्तानाने एकेकाला उचलून चौथ्या कोपऱ्यात टाकायचा सपाटाच लावला होता. पंच डोमाजी मैदानाकडे पाठ करून बसले होते. नात त्यांच्या मांडीवर होती, आणि त्यांच्या मिशीला धरून ती काहीतरी विचारीत होती.

मध्यंतराला मी अहवालाचा कागद घेऊन त्यांच्यापाशी गेलो. "डोमाजी, गुण किती झाले?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुमीच पायून लिवा बाबू," ते म्हणाले. "मले काई दिसून नाई राहिलं."