फुल्जांस विमानानं सासरी जातो

आमच्या किन्शासातल्या फुल्जांसची बायको एलोडी रुसून माहेरी गेली. माहेर म्हणजे समोरचं ब्राझाव्हिल, मधे काय ती काँगो नदी. आपल्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे सासऱ्यांच्या घराचा निळा पत्रा दिसतो (चष्मा असला तर सासूबाईही दिसतात). रुसायचं कारण विचाराल, तर घराचं छप्पर गळत असताना या पठ्ठ्यानं मगरीच्या कातड्याचे बूट घेतले होते.

सासऱ्यांचा, म्हणजे पापा लूबाकींचा निरोप आला, "रविवारी जेवणाच्या आत मामाला आणि बकऱ्याला घेऊन या, माफी मागा. नाहीतर पोरगी इथंच राहील."

एलोडीशिवाय फुल्जांसला घर खायला उठत होतं. पण लाँचनं जायचं म्हणजे नव्या बुटांवर पाणी उडणार! मागच्या खेपेला हा ओल्या विजारीत पोचला, तेव्हा मेहुणा हसून हसून लोळला होता.

"मामा, तुम्ही बकरा घेऊन लाँचनं व्हा पुढे. मी विमानानं येतो."

ओनोरेमामांनी कपाळावर हात मारला. "अरे, मधे विमानाला वळायला तरी जागा आहे का?"

"अंतर कमी, म्हणजे वेळही कमी. साधा हिशोब आहे, मामा!"

तिकीटवाली बाई म्हणाली, "मधे एकदा विमान बदलावं लागेल." बदलू की, हा मनात म्हणाला, तेवढाच सूट चारचौघांना दिसेल. कुठं बदलायचं, हे विचारायचं राहूनच गेलं (टाय कुठला लावायचा, या काळजीत होता बिचारा).

शनिवारी विमान उडालं, आणि लगेच खाली निळा पत्रा! फुल्जांस बॅग काढून थेट दारापाशी गेला.

"अहो साहेब, बसा! कुठं निघालात?" हवाईसुंदरी धावत आली.

"उतरायला. ते काय, सासर आलं माझं!"

"आपण अदिस अबाबाला चाललोय."

"ते कुठं आलं?"

"आफ्रिकेच्या पार त्या टोकाला. चारेक तास लागतील. रात्री तिथं थांबायचं, उद्या इकडचं विमान. चहा घेणार की कॉफी?"

निळा पत्रा मागे पडला. मगरीचे बूट घालून एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला हो!

रात्रभर विमानतळाच्या बाकावर बसून पाय सुजले. बुटात काही केल्या जाईनात. रविवारी संध्याकाळी हा अनवाणी, बूट छातीशी धरून, सासऱ्यांच्या दारात उभा राहिला. आत मामा ढेकर देत होते.

"मामा, बकरा कुठाय?"

"तो वेळेवर पोचला रे. चवीला चांगला होता."

पापा लूबाकींनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जावईबापू, समोरच्या काठावरून यायला दोन दिवस? रांगत आलात काय?"

फुल्जांसनं खाली मान घालून सगळं सांगितलं. मेहुणा तर जमिनीवरच आडवा झाला. एलोडीनं आधी ओठ दाबले, मग तिलाही हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढ्या लांबून कोणी आलं नव्हतं रे! चल, येते मी घरी."

फुल्जांसच्या जिवात जीव आला. "चल मग, शेवटची लाँच सुटेल!"

"लाँचनं मी आणि मामा जातो. तुझं परतीचं तिकीट आहे ना? कशाला वाया घालवायचं?" तिनं त्याच्या हातातले बूट काढून घेतले. "हे राहू देत माझ्याकडे. तू अदिस अबाबाहून येईपर्यंत हे विकून छप्पर दुरुस्त होईल."