विमान सध्या कोणाकडे आहे?

"मैदानावर जातेस तर जा, पण हात खिशात ठेव," असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या. माझ्या ड्रेसला खिसे नव्हते. त्यामुळे ही सूचना मला लागू होत नाही, असं मी चपला घालता घालताच ठरवून टाकलं.

प्रसंग अगदी साधा होता. आमच्या मुलीला, टिकलीला, रिमोटवरचं विमान उडवायला शिकायचं होतं. तिने आणि तिच्या बाबाने मिळून थर्माकोलचं एक पिवळं विमान बनवलं होतं. एका पंखाला गोंद जरा सढळ हाताने लागल्यामुळे ते जन्मतःच डावीकडे कललेलं होतं. हे विमान आपल्या हाताने उडवायचं आणि आपल्याच पायाशी आणून उतरवायचं, एवढीच तिची मागणी होती.

हवाई छंद मंडळाच्या नवशिक्यांच्या वर्गात शिकवण्याची रीत ठरलेली होती. दोन रिमोट वायरने जोडलेले असतात, एक विद्यार्थ्याच्या हातात, दुसरा प्रशिक्षकाच्या. प्रशिक्षक आपल्या रिमोटवरचं बटण दाबून धरतो, तोवर विमान विद्यार्थ्याचं. बटण सोडलं की विमान पुन्हा प्रशिक्षकाचं. घोटाळा नको म्हणून सोपवणाऱ्याने "तुझ्याकडे" आणि घेणाऱ्याने "माझ्याकडे" असं मोठ्याने म्हणायचं.

पहिल्या दिवशी "माझ्याकडे!" म्हणताना टिकलीचा आवाज असा फुटला, की कुंपणावरचे कावळे उडाले. विमान वर गेलं, डावीकडे कललं, आणि मी किंचाळले. प्रशिक्षकांनी दचकून बटण सोडलं.

"सर, मी सरळ करत होते ना!" टिकली पाय आपटत म्हणाली.

"तू करत होतीस गं, पण तुझी आई..." एवढं बोलून प्रशिक्षक थांबले. सज्जन माणूस.

मी मात्र थांबले नाही. "समजा, ऐन वेळी तुम्हाला शिंक आली तर? डोळ्यात चिलट गेलं तर? तुमच्यावर लक्ष ठेवायला कोण आहे?"

प्रश्न रास्त असल्याने तो मंडळाच्या बैठकीत गेला. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर होते. समोरच्याला बोलता येणार नाही अशा अवस्थेत चर्चा करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. प्रशिक्षकांच्या वर एक पालक-रिमोट बसवावा आणि तो सूचनाकर्तीच्याच हाती द्यावा, असं एकमताने ठरलं. मी रीतसर संकोच केला आणि रिमोट घेतला.

मग कोणीतरी शंका काढली, की आई भावनेच्या भरात भलत्या वेळी बटण सोडेल. म्हणून माझ्यावर सुरक्षा निरीक्षक आले. निरीक्षकांवर कोणीच नाही हे शिस्तीला धरून दिसेना, म्हणून त्यांच्यावर स्वतः अध्यक्ष आले. वायरी वाढत गेल्या. त्यांत पाय अडकून निरीक्षक आडवे झाले, तेव्हा वायरींच्या रक्षणासाठी एक शिट्टीवाला नेमला गेला. आता आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी बटणं दाबून धरली, तरच टिकलीची बोटं विमानापर्यंत पोचत. एरवी ती रिमोटची दांडी हलवायची आणि मान वर करून एकेकाचं तोंड बघायची.

यात आणखी एक धोका लक्षात आला. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं, की त्याचं डावं-उजवं उलटं होतं. प्रशिक्षकांनी टिकलीला सोपी युक्ती सांगितली होती: जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी ढकलायची. टिकलीला ती लगेच जमली. पण मुळात विद्यार्थ्याचा गोंधळ उडेल अशी परिस्थिती येऊच का द्यावी, असा मूलगामी विचार मी मांडला. ठराव झाला: प्रशिक्षणकाळात विमानाने विद्यार्थ्याकडे तोंड करू नये.

"मग ते परत कसं येणार?" टिकलीने विचारलं.

"तो पुढच्या वर्गाचा अभ्यासक्रम आहे, बाळा," अध्यक्ष म्हणाले. "आ... आता तोंड मिटायचं."

त्यानंतर सगळा सराव जमिनीवरच झाला. विमान गवतावर ठेवायचं आणि "तुझ्याकडे, माझ्याकडे" घोकायचं. टिकलीचा आवाज हळूहळू खाली आला. पाय आपटणं बंद झालं. मला फार बरं वाटलं.

समारोपाच्या दिवशी तिच्या बाबाने पिवळं विमान हातातून वर सोडलं. ते झकास चढलं. अध्यक्षांनी बटण दाबून ते निरीक्षकांकडे सोपवलं, निरीक्षकांनी माझ्याकडे, मी प्रशिक्षकांकडे आणि प्रशिक्षकांनी टिकलीकडे. "तुझ्याकडे!"

"माझ्याकडे," टिकली पुटपुटली.

विमान डावीकडे कललं. टिकलीने ते पाहिलं, हातातला रिमोट अलगद गवतावर ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आई, आता कोणाकडे आहे?"

"तुझ्याकडेच आहे गं!" आम्ही सगळे ओरडलो. बटणं सोडायचं भान कोणालाच राहिलं नाही. ओरडताना मुठी उलट आणखी घट्ट आवळल्या जातात.

"टिकले, वळव त्याला!" तिचा बाबा धावत म्हणाला.

"वळवलं तर त्याचं तोंड आपल्याकडे होईल," टिकली शांतपणे म्हणाली.

पिवळं विमान पाण्याच्या टाकीवरून गेलं, ठिपका झालं आणि मग तोही राहिला नाही. शिट्टीवाल्याने वायर सुरक्षित असल्याची शिट्टी दिली. मैदानाच्या हद्दीत एकही अपघात न झाल्याबद्दल अध्यक्षांनी मंडळाचं अभिनंदन केलं आणि टिकलीच्या गळ्यात आदर्श विद्यार्थिनीचं पदक घातलं. पदक घालून घेण्याआधी तिने मला विचारलं, "मान वाकवू?"

आता ती फारच गुणी झाली आहे. पाण्याचा पेला भरून घेते आणि "पिऊ?" म्हणून उभी राहते. चित्राची वही उघडून "आकाशाला कुठला रंग देऊ?" विचारते. शेजारच्या काकू म्हणतात, "काय वळण लावलंयस गं मुलीला!" सासूबाई मात्र खिडकीत बसून पाण्याच्या टाकीकडे बघत असतात.

तुम्हाला ही गोष्ट इथवर सलग वाचता आली, म्हणजे तुमच्याही घरात कोणीतरी अगदी शहाण्यासारखं गप्प बसलेलं असणार. जरा आतल्या खोलीत जाऊन बघून येता? बोलू नका, नुसतं दारात उभं राहा. तुमची चाहूल लागताच त्याने हातातलं खाली ठेवलं, तर अभिनंदन. तुम्हाला आमच्या वर्गाची गरज नाही.