दुसरं सिम काढल्यावर

रविवारी संध्याकाळी पाहुणे निघायच्या बेतात असताना दीपक नागवेकरांनी सगळ्यांना दारासमोरच्या पायरीवर उभं केलं, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं. फोटो निघाला नाही. फोनमध्ये जागा शिल्लक नाही, असं पडद्यावर आलं.

"एक मिनिट हां. असेच हसत राहा," असं म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

पाहुणे पोफळीचे शिवलकर. ते, त्यांची बायको आणि मुलगा नितेश, असे तिघे नागवेकरांच्या मुलीला, वेदिकेला, बघायला आले होते. तिघंही हसत राहिले. हसून हसून शिवलकरबाईंचे गाल दुखायला लागले, नितेश आपल्या बुटांकडे बघू लागला, तरी नागवेकर अंगठ्याने एकेक व्हिडिओ पुसतच होते. शेवटी वेदिकेने स्वतःच्या फोनवर फोटो काढला आणि सगळ्यांची सुटका केली.

गाडीत बसताना शिवलकर म्हणाले, "बुधवारपर्यंत फोन करतो."

"सावकाश करा. घाई काय नाय," नागवेकर म्हणाले.

घाई होती. मुलगा चिपळुणात चांगल्या नोकरीला होता, माणसं साधी होती, आणि मुख्य म्हणजे वेदिका या वेळी दीड तास बसून हसतखेळत बोलली होती. आधीच्या स्थळांना तिने असे काही प्रश्न विचारले होते की ती माणसं सरबत अर्धं टाकून उठली होती.

पण सोमवारी नागवेकरांच्या डोक्यात स्थळापेक्षा फोन जास्त होता. सगळ्यांसमोर झालेली फजिती त्यांना सलत होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत ते एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत. जागा कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी त्यांची समजूत. जेवणाच्या सुट्टीत ते फोन घेऊन बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागले. फुलांसकट आलेले सुप्रभात गेले. पुतण्याच्या मुंजीचे व्हिडिओ गेले. आलेल्या-गेलेल्या फोनची यादी गेली. लग्न जमवायचं ॲप दिसलं, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला. 'स्थळ मिळालंय, आता कशाला हवं?' असं म्हणून तेही काढून टाकलं. एवढं करूनही फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

घरी जाताना ते मारुती मंदिराजवळ मुझम्मिलच्या मोबाइलच्या दुकानात शिरले.

"काका, मेमरी कार्ड घाला. आयुष्यभर फोटो काढा," मुझम्मिल म्हणाला. "द्या इकडे, घालून देतो."

"नको रे. हजार सुटे भाग सांभाळतो मी. एवढंसं कार्ड घालता येणार नाय होय?"

"तुमचा फोन बघायला पायजे काका. काही फोनांत..."

"तू कार्ड दे," नागवेकर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बायकोच्या, विमलाबाईंच्या, कानातल्याच्या दांडीने फोनचा ट्रे बाहेर काढला. ट्रेमध्ये दोनच खाचा होत्या आणि दोन्हींत सिमं बसलेली होती. कार्डाला जागा नव्हती. फोनवर वाचलं, तर लिहिलं होतं की दुसऱ्या खाचेत एक तर सिम बसेल, नाहीतर कार्ड. नागवेकरांना निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. दुसऱ्या सिमवर येणारे फोन कसले, तर कर्ज हवंय का आणि विमा हवाय का. त्यांनी ते सिम काढलं, हरवू नये म्हणून ओट्यावरच्या एका छोट्या वाटीत ठेवलं आणि त्या जागी कार्ड बसवलं.

फोन सुरू झाला. जागाच जागा! नागवेकरांनी लगेच बायकोचा फोटो काढला, मांजराचा काढला, फणसाचा काढला, मग फणसाजवळ मांजर आलं त्याचा काढला.

"बघ गो विमल. आता कितीपण काढ," ते म्हणाले.

बुधवार आला आणि गेला. फोन आला नाही.

गुरुवारी कारखान्यात नागवेकरांनी फोन टेबलावर उताणा ठेवला. पडदा जरा उजळला की ते त्यावर झडप घालायचे. शेजारच्या टेबलावर कुणाचा फोन वाजला तरी ते अर्धे उठायचे. संध्याकाळी घरी आले, तर विमलाबाई दारातच उभ्या.

"आला?"

"नाय."

"मला वाटलंच. तुम्ही त्यांना त्या फोटोसाठी ताटकळत ठेवलंत. त्या बाईंचं तोंड बघितलंत? अवघडून गेलेलं."

"माझ्यामुळे? सोलकढीत मीठ कुणी जास्त घातलं?"

"दोनदा मागून घेतलीन त्या नितेशने!"

"पाहुणा आहे तो. थुंकणार होता काय?"

शुक्रवारी हे भांडण वेदिकेपर्यंत पोहोचलं. नोकरी सोडणार नाही हे पहिल्याच भेटीत कशाला सांगायचं, असं विमलाबाई म्हणाल्या. वेदिका जिल्हा बँकेतून नुकतीच आली होती. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्यांना आवडलं नसेल तर बरंच झालं की. आत्ताच कळलं." पण नंतर खोलीत जाऊन तिने रविवारचा तो फोटो दोनदा उघडून पाहिला. ते आईने दारातून पाहिलं.

शनिवारी सकाळी विमलाबाईंनीच विषय काढला. "आपणच करूया काय फोन?"

"मुलीकडच्यांनी? मागे लागल्यासारखं दिसेल."

"दिसू दे. लावा."

नागवेकरांनी नावं शोधली. शिवलकर नव्हते. शिवलकर सापडेनात, तसे त्यांचे कान तापायला लागले. विमलाबाई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

"अहो, तुम्ही त्यांना आपला नंबर कुठला दिलेलात?"

नागवेकर खुर्चीत बसले. लग्नाच्या ॲपवर मुख्य नंबर देऊ नये, नाहीतर नको ते लोक फोन करतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी दुसरा नंबर दिला होता. शिवलकरांशी सगळं बोलणं त्याच नंबरवर झालं होतं. त्यांचा नंबरही नागवेकरांनी जुन्या सवयीने सिममध्येच साठवला होता.

"म्हणजे ते बुधवारपासून फोन करतायत," विमलाबाई सावकाश म्हणाल्या, "आणि आपला फोन बंद."

"तसंच काय नाय. केलाच नसेल त्यांनी," नागवेकर आशेने म्हणाले. मग हे त्याहून वाईट आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

वेदिकेने ॲप पुन्हा उतरवून घेतलं. ॲपने ओळख पटवायला सांकेतिक अंक पाठवले. पाठवले ते दुसऱ्या नंबरवर.

"सिम कुठे आहे बाबा?"

"ओट्यावर. वाटीत."

"कुठल्या वाटीत?" विमलाबाईंनी विचारलं आणि त्या ओट्याखालच्या बरणीकडे बघू लागल्या. ओट्यावरच्या छोट्या वाटीने त्यांनी परवाच मीठ मोजून कोकमाच्या आगळाच्या बरणीत घातलं होतं.

बरणी अंगणात आणली. मोठ्या पातेल्यावर गाळणी धरून तिघांनी सगळं आगळ ओतून काढलं. हात लाल, पायरी लाल, नागवेकरांचा पांढरा बनियन लाल. शेवटच्या गाळाबरोबर सिम खाली आलं. ते गुलाबी झालं होतं. पुसून, वाळवून, फुंकर मारून फोनमध्ये घातलं, तर फोन म्हणाला, सिम नाही.

नागवेकर ते रुमालात गुंडाळून मुझम्मिलकडे धावले. मुझम्मिलने वास घेतला.

"काका, सिमला लोणचं घातलंत काय?"

"चालू होईल?"

"भाताबरोबर चालेल," मुझम्मिल म्हणाला. मग नागवेकरांचा चेहरा बघून त्याने हसणं आवरलं. "टेन्शन नका घेऊ. आधार कार्ड दाखवा, त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं. कुणाच्या नावावर आहे?"

ते नागवेकरांच्या मोठ्या भावाच्या नावावर होतं. भाऊ मालवाहू बोटीवर होता आणि बोट पावसाळा सरल्याशिवाय परत येणार नव्हती.

"मग त्या माणसांकडे तुम्हीच जा ना," मुझम्मिल म्हणाला. "फोन नव्हते तेव्हा लोक जायचेच की."

रविवारी सकाळी नागवेकर कुटुंब पोफळीला निघालं. गाडी वेदिका चालवत होती, कारण हायवेवर नागवेकर फार ब्रेक मारत. विमलाबाई चांगली साडी नेसल्या होत्या आणि त्यांनी मांडीवर आंब्याची करंडी घेतली होती. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं? नागवेकर ओठांतल्या ओठांत भाषण घोकत होते. 'त्याचं असं झालं शिवलकर, फोनमध्ये दोनच खाचा असतात...' दर वेळी ते खाचेपाशी अडखळायचे.

"बाबा, नुसतं सॉरी म्हणा," वेदिका म्हणाली.

"आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर?"

"तर आंबे आपण खाऊ."

हातखंब्याला नागवेकरांना चहा हवासा वाटला, म्हणून सगळे थांबले. हॉटेलात शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले. कोपऱ्यातल्या टेबलावर शिवलकर, शिवलकरबाई आणि नितेश बसले होते. शिवलकरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाईंच्या केसांत गजरा होता. टेबलावर मिठाईचा पुडा होता.

नागवेकरांनी बायकोचा पदर ओढला. "विमल," ते कुजबुजले, "दुसरी मुलगी बघायला चाललेत."

त्याच वेळी शिवलकरांनी वर पाहिलं. त्यांना साडी दिसली, आंब्याची करंडी दिसली, सजलेली वेदिका दिसली. त्यांचा चेहरा पडला. ते बायकोकडे वळून काहीतरी पुटपुटले, आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

आता न भेटता जाणं शक्य नव्हतं. नागवेकर टेबलापाशी गेले.

"नमस्कार. इकडे कुठे?"

"असंच. जरा कामाला," शिवलकर म्हणाले. "तुम्ही?"

"आम्हीपण असंच."

सगळे मिठाईच्या पुड्याकडे आणि आंब्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. वेटर आला, त्यालाही कुणी काही सांगेना. शेवटी शिवलकरबाईंना राहवलं नाही.

"मुलगा कुठला आहे हो?" त्यांनी विमलाबाईंना विचारलं.

"कुठला मुलगा?"

"जो बघायला चाललायत तो. तुम्ही फोनच बंद केलात, तेव्हाच आम्ही समजलो, चांगलं स्थळ आलं असेल. पण निदान नाय म्हणून तरी कळवायचं."

"अहो, आम्ही तुमच्याकडेच चाललोय! मुलगी तर तुम्ही बघायला चाललायत!"

"आम्ही? आम्ही तुमच्याकडे येतोय. काय चुकलं ते विचारायला."

नागवेकर मटकन बाकावर बसले. ते बोलू लागले, तसा त्यांच्या पायावर विमलाबाईंचा पाय पडला. फोन बंद ठेवल्याने आपला भाव वाढलाय, हे विमलाबाईंना त्या क्षणी कळलं होतं. पण आठवडाभर कोंडलेलं सगळं नागवेकरांच्या तोंडून बाहेर पडलं. फोटो, कार्ड, खाच, वाटी, आगळ, बोटीवरचा भाऊ. विमलाबाईंनी पाय दाबायचा सोडून दिला.

शिवलकर ऐकत होते. हळूहळू त्यांना इतकं हलकं वाटलं की तेही बोलून गेले, "खरं सांगू? मी बुधवारी फोन लावला तो थोडं थांबा म्हणायला. कराडचं एक स्थळ आलेलं. म्हटलं तेपण बघून घेऊ."

"अहो!" शिवलकरबाई ओरडल्या.

"आता काय लपवायचं? तुमचा फोन लागेना, तशी ही घाबरली. म्हणाली, आपण कराड बघेपर्यंत ही मुलगी हातची जाणार. कराडला नाय कळवलं आणि गाडी काढली."

क्षणभर कुणालाच कळेना, रागवायचं की नाही. मग नागवेकरांना हसू फुटलं. शिवलकर हसले. विमलाबाई आणि शिवलकरबाई एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या. आपापला नवरा किती वेडा आहे, यावर दोघींचं एकमत झालं होतं. पुडा सुटला, पेढे वाटले, करंडीतले दोन आंबे हॉटेलवाल्यालाही गेले.

"मग ठरलं म्हणायचं!" शिवलकर म्हणाले.

"ठरलं!" नागवेकर म्हणाले.

"कुणाचं?" वेदिकेने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. ती चिडलेली नव्हती. तिने पेढा अर्धा खाऊन बशीत ठेवला होता. "ह्यांच्याशी मी एकदाच बोललेय, तेसुद्धा आई पडद्यामागे उभी असताना. आणि ह्यांना कराड बघायचं होतं की नाही, तेपण मला माहीत नाही."

नितेशचे कान लाल झाले. "मला कराडचं शुक्रवारी कळलं," तो म्हणाला. "आधी कळलं असतं तर आधीच नको म्हटलं असतं."

"बरं. मग आता थोडे दिवस आम्ही दोघं बोलू. काय ते ठरलं की कळवू."

दोघांनी तिथेच एकमेकांचे नंबर घेतले. आईवडिलांनी हे मोठ्या समजूतदारपणे पाहिलं. बाहेर पडताना शिवलकर आणि नागवेकर यांनीही नंबर घेतले. नागवेकरांनी मुख्य नंबर दिला आणि तिथल्या तिथे फोन लावून तो वाजतोय ना, हे दोनदा तपासलं.

बुधवारी संध्याकाळी वेदिका गच्चीवर फोनवर बोलत होती. नागवेकर खाली अंगणात फेऱ्या मारत कान वर लावून होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शिवलकर होते.

"काय नागवेकर, मुलीने काय सांगितलं काय?"

"नाय हो. विचारलं तर म्हणते, कळवू. नितेश काय म्हणतो?"

"काय बोलत नाय. फोन ठेवला की नुसता हसतो."

नागवेकर थांबले. त्यांनी वर गच्चीकडे पाहिलं. "हसतो म्हणजे... चांगलं की वाईट?"

"तेच विचारायला," शिवलकर म्हणाले, "तुम्हाला फोन केला."