केबल तुटली!

"अर्ध्या तासाचं काम आहे!" लेक म्हणाली.

म्हणणारच. दूरसंचार धोरणाच्या समितीवर बसणारी बाई ती! नेटवर कुणाला वाट आधी द्यायची आणि कुणाला नंतर, यावर भल्याभल्यांना गप्प करून आलेली. बाबांच्या खोलीतला तळहाताएवढा राउटर तिच्यापुढे काय टिकणार!

बाबांना जाऊन महिना झाला होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकाच जोडणीवरून इमारतीतल्या चारही घरांना नेट दिलं होतं. पासवर्ड तेवढा बरोबर घेऊन गेले. उद्या लेक परत जाणार, आई एकटी राहणार. दर रविवारी संध्याकाळचा व्हिडिओ कॉल, एवढाच काय तो धागा. तो तुटता कामा नये. म्हणून राउटर पुसून नव्याने बसवायचा बेत.

त्या कॉलवर बापलेकींनी एकमेकांची तब्येत कधी विचारली नाही. भांडायची मात्र कडाकडा.

"दवाखान्यात ऑपरेशन चाललंय, बाबा. त्यांना तरी वाट आधी द्याल?"

"आज दवाखाना, उद्या मंत्र्याचा मेहुणा! नेटवर सगळे सारखे. अपवाद नाही म्हणजे नाही!"

तिने राउटरच्या भोकात टाचणी खुपसली. सगळे दिवे विझले आणि पुढच्या क्षणी दारावर थापा!

"ताई, माझा शिष्य तानेत अडकलाय!" वरच्या गाणंवाल्या बाई. "तोंड उघडंच राहिलंय त्याचं!"

"माझं गिऱ्हाईक मापं सांगत होतं," तळमजल्यावरचे शिंपीकाका. "छातीपर्यंत आलं आणि गेलं. आता कंबर काय अंदाजाने शिवू?"

"मॅचची शेवटची ओव्हर होती!" शेजारचे आजोबा हातात काठीसारखा रिमोट धरून उभे. "साहेब असते तर असं झालं नसतं!"

आजोबांनी रिमोट पाठीमागे लपवला.

अर्ध्या तासाच्या कामाने दुपार खाल्ली; तिघे शेजारी दारातच ठाण मांडून बसले. दिवे एकदाचे हिरवे झाले. चारही घरांना सारखा वेग, बाबांना आवडला असता असा. खात्री करायला लेक जिन्यात जाऊन बसली आणि तिथून तिने आईला कॉल लावला. आई दिसली, आणि डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत थिजली.

"रविवारी असं कधीच होत नव्हतं गं," आतून आईचा खराखुरा आवाज आला.

"होईल कसं?" गाणंवाल्या बाई बोलून गेल्या. "रविवारी आमचं बंद पडायचं!"

"बंद?"

शिंपीकाका घसा खाकरत म्हणाले, "साहेब आमचं आवळायचे आणि तुमच्या कॉलला वाट मोकळी करून द्यायचे. विचारलं की सांगायचे, समुद्रातली केबल तुटली."

"दर रविवारी?"

"दर रविवारी! एकदा तर म्हणाले, माशाने खाल्ली."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"आधी वाजलं आमचं," आजोबा म्हणाले. "मग एकदा दारातून तुमचं भांडण ऐकलं. साहेब इतके खूश आम्ही दुसऱ्या कुठल्या वारी पाहिले नव्हते. साहेबांना पाहू दे म्हटलं लेकीला."

म्हणजे इतकी वर्षं ती वाद जिंकत होती आणि हरलेला माणूस समोर बसून "अपवाद नाही!" म्हणून ओरडत होता. आता "हरलात, बाबा!" असं म्हणायचं तरी कुणाला?

राउटरमध्ये तसा नियम पुन्हा घालणं तिला सहज जमलं असतं. पण तिने घातला नाही. आता सगळे सारखे.

पुढच्या रविवारी तिने धाकधुकीतच कॉल लावला. आई स्वच्छ दिसली. चष्म्याच्या काचेवरचा डागसुद्धा दिसला. मागे बाबांची रिकामी खुर्ची दिसली.

"आई, इतकं छान कसं दिसतंय? मी तर काहीच केलं नव्हतं."

"काय की बाई. मघाशी खालून शिंपीकाका ओरडले, 'केबल तुटली होऽऽ!' वरचं गाणं थांबलं, आजोबांचा टीव्ही थांबला. मग तुझा फोन आला."

लेकीने डोळे चोळले.

"अगं, अशी काय करतेस? मी दिसत नाहीये का?"

"दिसतेस गं," तिने नाक पुसलं. "इकडचंच नेट जरा खराब आहे."